सावकाश उचला

"हात लावू नका तिला! कुणीच हात लावू नका!"

पाशामियाँनी जीप रस्त्यातच उभी केली, दार उघडं टाकलं आणि पुलाच्या कडेनं खाली उतरता उतरता ते ओरडले. लोहारा-सास्तूर रस्त्यावरचा लहानसा पूल. एप्रिल महिना, खाली पाण्याचा थेंब नव्हता, नुसते धोंडे होते. त्या धोंड्यांमध्ये विशीतली एक पोरगी उताणी पडली होती. वर सांडलेल्या खडीवर आडवी झालेली मोटारसायकल अजून धडधडत होती.

गाडी चालवत होता तो तिचा बाप, शिवप्पा. पोरीला कॉलेजच्या परीक्षेसाठी लोहाऱ्याच्या स्टँडवर सोडायला निघाला होता. त्याच्या कोपराचं सालटं निघून हात रक्तानं माखला होता, पण त्याचं तिकडं ध्यानच नव्हतं. पोरीच्या बगलेत हात घालून तो तिला उठवायला बघत होता. मागून आलेला एक मोटारसायकलवाला वरून घाई करत होता. "आणा वर, मधी बसवू. तुमी मागनं धरा. पंधरा मिन्टात लोहारा."

पाशामियाँनी शिवप्पाचं मनगट धरलं.

"सोड!" शिवप्पा गुरकावला. "माझी लेक हाय ती."

"तुमचीच हाय, म्हनून सांगायलोय. श्वास चालू हाय. रगत लई गेलेलं न्हाय. धा मिन्टानं काय बिघडत न्हाय. पर आत्ता अशी उचलली, तर जन्माचं बिघडंल."

आवाज चढला नव्हता. भाड्याचे सुटे पैसे मागावेत तितक्या साध्या सुरात ते बोलले होते. बहुतेक त्यामुळंच शिवप्पाचे हात ढिले पडले. पाशामियाँ पोरीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. दोन्ही तळवे त्यांनी तिच्या कानांवर ठेवले आणि डोकं आहे तसं धरून ठेवलं.

"नाव काय बेटा तुझं?"

"शिवलीला."

"शिवलीला, मान हलवायची न्हाय. व्हय म्हणायला बी हलवायची न्हाय, तोंडानं बोलायचं. कुठं दुखतंय?"

"पाठीत. लई दुखतंय चाचा."

"दुखू दे. दुखतंय ते बरं हाय. आता पायाची बोटं हलव बघू."

सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांकडं गेल्या. एक चप्पल कुठं तरी उडून गेली होती. धुळीनं पांढरा पडलेला उघडा पाय क्षणभर तसाच राहिला. मग अंगठा हलला. त्याच्या मागून बाकीची बोटं हलली. दुसऱ्या पायाचीही हलली.

पाशामियाँनी एकवार डोळे मिटून घेतले.

जीपमधली माणसं एव्हाना खाली उतरली होती. बाजाराला निघालेली सिताबाई पोरीच्या तोंडावर पदराची सावली धरून उभी राहिली. कुणी तरी अँब्युलन्सला फोन लावला. ती उमरग्याकडं एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. यायला तास तरी लागणार होता. एवढ्या उन्हात, तापल्या धोंड्यांवर तासभर ठेवण्यात अर्थ नव्हता. पाशामियाँनी वर बघून सांगितलं, "टपावरली निळी फळी काढा."

त्या फळीवरून त्यांनी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली होती. साडेसहा फूट लांब, दोन्ही कडांना पट्टे ओवायला भोकं पाडलेली. सुरुवातीला ती नुसत्या लाकडाच्या रंगाची होती. तेव्हा "पाशाभाई मयताची फळी घेऊन हिंडतो" म्हणत लोक त्यांच्या जीपमध्ये बसायचं टाळत. नव्या नवरीला घेऊन निघालेलं एक वऱ्हाड तर फळी बघून उतरून गेलं होतं. मग त्यांची बहीण आरजू म्हणाली, "भाई, तिला निळा रंग दे. निळ्या रंगाला कुणी भीत न्हाय." तसा रंग दिला, आणि हळूहळू लोकांनाही सवय झाली. या रस्त्यावर झाडावरून पडलेले, मळणीयंत्राजवळ घसरलेले, गाडीखाली आलेले किती तरी जण त्या फळीवरून दवाखान्यात गेले होते.

"मी तीन म्हणलं की सगळ्यांनी एकदम. आधी न्हाय, मागनं न्हाय," पाशामियाँ म्हणाले. खांद्याशी एक, कमरेशी एक, पायाशी एक. डोकं त्यांनी स्वतः धरलं होतं. "लाकडाचा ओंडका कसा कुशीवर वळतो, तसं सगळं अंग एकदम वळलं पायजे. शिवप्पा, तुमी फळी सरकवायची. रडायचं मागनं. एक, दोन, तीन."

पोरगी कुशीवर वळली, फळी आत गेली, पोरगी पुन्हा उताणी झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सिताबाईच्या पिशवीतली लुगडी गुंडाळून लावली आणि कपाळावरून ओढणीचा बंद घेतला. चौघांनी तिला वर आणलं. पाशामियाँनी जीप सुरू केली आणि कधीही चालवत नाहीत इतकी हळू चालवायला लागले.

शिवप्पा मागं लेकीशेजारी बसला होता. दोन किलोमीटर त्यानं कसेबसे काढले.

"दाबा की जरा! बैलगाडी हाय का ही?"

"पोरीशी बोला. तिला झोपू देऊ नका."

"माझी पोर मरायली अन तू..." शिवप्पानं मागून हात घालून त्यांची कॉलर धरली. गळ्याचं बटण तुटलं. पाशामियाँनी मान वळवली नाही, की वेग वाढवला नाही. पुढचा खड्डा बघून त्यांनी गाडी आणखी हळू केली, चाक अलगद आत सोडलं, अलगद बाहेर काढलं.

"अप्पा," मागून पोरीचा आवाज आला, "सोड त्येंना."

कॉलर सुटली.

लोहाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गळ्यात पट्टा बसवला, सलाईन लावलं आणि तिथल्याच गाडीतून सोलापूरला न्यायला सांगितलं. स्ट्रेचर आत गेलं, आणि तेव्हा कुठं पाशामियाँ व्हरांड्यातल्या नळाकडं गेले. हातांवरची धूळ त्यांनी धुऊन टाकली. शिवप्पा जवळ येऊन उभा राहिला. "तुमी संगं चला," एवढंच तो म्हणाला. जीपच्या किल्ल्या दुसऱ्या जीपवाल्याकडं देऊन पाशामियाँ गाडीत बसले.

असं जखमी माणसाच्या उशाशी बसून सोलापूरला ते आयुष्यात आणखी एकदाच गेले होते. त्र्याण्णव साली, भूकंपाच्या दिवशी.

तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. शेतावर राखणीला होते म्हणून वाचले. गावात धावत आले तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं हेच कळत नव्हतं. उजाडल्यावर आवाजाच्या रोखानं त्यांनी दगड उपसायला सुरुवात केली. आठ-नऊच्या सुमाराला सोळा वर्षांची आरजू सापडली. जिवंत. तिच्या पलीकडं अम्मी होती, ती गेलेली होती. मग त्यांनी आरजूला खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडं पळत सुटले. दगडांच्या राशींवरून उड्या मारत, ठेचकाळत, दोनदा पडता पडता सावरत, गाड्या उभ्या होत्या तिथपर्यंत. पळताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ही तरी वाचली.

सोलापूरच्या दवाखान्यात तंबूतल्या खाटेवर एका म्हाताऱ्या डॉक्टरनं आरजूच्या तळपायावर टाचणी टोचून बघितली आणि विचारलं, "आणलं कसं हिला?"

"खांद्यावर."

डॉक्टर काही बोलला नाही. पुढच्या खाटेकडं गेला. त्याचं ते न बोलणं पाशामियाँ एकतीस वर्षं ऐकत होते.

चार महिने ते तिच्या उशाशी राहिले. पाठ मोडलेल्या माणसाला कसं उचलायचं, कसं वळवायचं, मान कशी धरायची, ते तिथल्या सिस्टर लोकांकडं बघून बघून शिकले. आता शिकून उपयोग नव्हता, तरी शिकले. पुढं जीप घेतली आणि पहिल्याच महिन्यात सुताराकडून ती फळी करून घेतली. लग्नाचं बोलणं करायला गेले तेव्हा कुलसुमबीच्या बापाला त्यांनी आधी आरजूबद्दल सांगितलं, मग स्वतःबद्दल. कुलसुमबी आली आणि नणंदेचं सगळं करू लागली. आरजू चाकाच्या खुर्चीत बसून साड्यांना फॉल लावायची; अख्ख्या सास्तूरच्या साड्या तिच्या हाताखालून जात. त्या दिवसाबद्दल मात्र घरात कधी बोलणं निघालं नाही. ना त्यांनी काढलं, ना तिनं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. संध्याकाळी त्या फिल्म हातात घेऊनच बाहेर आल्या.

"हिला अपघाताच्या जागेवरून कोणी हलवलं?"

शिवप्पानं घाबरून पाशामियाँकडं बोट केलं.

"मणका मोडलाय," त्या म्हणाल्या, "पण आतल्या मज्जारज्जूला धक्का लागलेला नाही. ऑपरेशन करू, मुलगी चालेल. बाबा, तुम्ही फार शहाणपणानं आणलंत हिला. लोक दोघांच्या मध्ये बसवून आणतात, खांद्यावर टाकून आणतात. तसं आणलं असतं तर ही आयुष्यभर उठली नसती."

शिवप्पा मटकन खाली बसला आणि त्यानं पाशामियाँच्या पायाला मिठी मारली. "माफी करा, मालक. म्या गळ्याला हात घातला तुमच्या." आजूबाजूचे लोक कौतुकानं बघत होते. पाशामियाँनी त्याला उठवलं. डॉक्टरीणबाई निघाल्या तसे ते त्यांच्या मागोमाग गेले.

"म्याडम, एक विचारायचं हुतं. ढिगाऱ्याखालून काढलेलं माणूस. तेला खांद्यावर घेऊन पळालं. मागनं पाय गेले. ते ढिगाऱ्यानं गेले का खांद्यानं, ते कळतंय का?"

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "केव्हाची गोष्ट?"

"लई जुनी."

"उचलायच्या आधी पाय हलत होते का?"

"याद न्हाय मला. बघितलंच न्हाय."

"मग आता सांगता येणार नाही, बाबा. आधी हलत असतील, तर उचलताना झालं. हलत नसतील, तर आधीच झालेलं होतं. हे फक्त त्या माणसालाच माहीत असणार."

रात्र त्यांनी दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढली. सकाळी शिवलीलाची आई मल्लम्मा आल्यावर ते एस. टी. धरून निघाले. दुपारी सास्तूरला पोचले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. स्टँडवर दोघातिघांनी हात हातात घेतले, एकानं चहाला थांबवलं. ते थांबले नाहीत.

घरात कुलसुमबी भाकरी थापत होती. "जेवून घ्या आधी. कालपासनं पोटात काय न्हाय तुमच्या."

"नंतर."

आतल्या खोलीत खिडकीच्या उजेडात आरजू एका हिरव्या साडीला फॉल लावत बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. पाशामियाँ तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"वाचली म्हणं पोरगी," आरजू म्हणाली. "चालंल?"

"चालंल."

"चांगलं झालं."

तिची सुई चालू राहिली. पाशामियाँनी खाली बघत विचारलं, "आरजू, त्या दिवशी म्या उचलायच्या आधी तुझे पाय हलत हुते का?"

सुई थांबली. बाहेर भाकरी थापल्याचा आवाजही थांबला.

तिनं दोरा दातानं तोडला, सुई साडीच्या काठात खोचून ठेवली.

"हलत हुते," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"अम्मी माझ्या पायाकडं हुती," आरजू सांगू लागली. "हाताला दगड हुते, हात हलवता येत नव्हते. म्हनून म्या पायानं तिला ढोसत हुते. उठ म्हणून. तू येईपातुर ढोसत हुते. तिचा दंड लागत हुता पायाला. पहाटंपासनं म्हाईत हुतं मला, ती उठणार न्हाय. तरी ढोसत हुते. दुसरं काय करणार?"

"या अल्ला," दाराशी आलेली कुलसुमबी पुटपुटली.

"मग तू आलास. दगड काढलेस. मला बघून रडायला लागलास. म्या काय म्हणले तुला, याद हाय?"

"न्हाय."

"'भाई, मेरेकू जल्दी उठा.' असं म्हणले. तू वाकून अम्मीकडं बघायला लागलास, तर म्या वरडले तुझ्यावर. मेरेकू पैले उठा, जल्दी उठा. अम्मीजवळ एक घडी बी ऱ्हायचं नव्हतं मला. लई भ्या वाटत हुतं." तिनं हिरव्या साडीची घडी मांडीवर सारखी केली. "तू म्या सांगितलं तेच केलंस."

"इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? म्या म्हणले असते माझ्यामुळं, तू म्हणला असतास माझ्यामुळं. घरात दोघंच उरलो हुतो. असं बोलून कसं जगायचं?"

पाशामियाँनी तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. काल पुलाखाली, डॉक्टरांसमोर, कॉलर धरली तेव्हाही न हललेला तो माणूस आता हलत होता, आणि आवाज होऊ नये म्हणून धडपडत होता. आरजूनं खुर्चीचं चाक पुढं ढकललं. वाकून तिचा हात त्यांच्या डोक्यापर्यंत पोचेना. मग तिनं आपली ओढणी त्यांच्या हाताशी सोडली आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

कुलसुमबीनं बऱ्याच वेळानं दोघांची ताटं तिथंच आणून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून जीप पुन्हा रस्त्यावर आली. कुणी म्हणालं, तालुक्यात सत्कार करू. पाशामियाँ "बघू" म्हणाले आणि सत्काराच्या दिवशी जळकोटचं भाडं घेऊन निघून गेले. सिताबाई एवढंच सांगत असे की पाशाभाई हल्ली गाडीत गप्पच असतो. पण तो आधी तरी कुठं बोलका होता, असंही तीच म्हणायची.

दिवाळीच्या आठवडाभर आधी, दुपारी, घरासमोर रिक्षा थांबली. आधी शिवप्पा उतरला, मग त्याच्या हाताला धरून शिवलीला. कमरेला पट्टा, हातात काठी. मल्लम्मानं शेंगाच्या पोळ्यांचा डबा दिला होता. शिवप्पा डबा कुलसुमबीच्या हातात देऊन अंगणातच उभा राहिला. पाशामियाँनी त्याच्यासाठी बाज टाकली, आणि दोघं सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत बसले.

शिवलीला आत गेली. चाकाच्या खुर्चीतल्या बाईबद्दल तिला गावात कुणी तरी सांगितलं होतं, किती सांगितलं होतं देव जाणे. ती वाकून पाया पडायला लागली, पण पट्ट्यामुळं तिला वाकता येईना.

"राहू दे, राहू दे," आरजू म्हणाली. "दुखतंय का अजून?"

"वळताना दुखतंय, आत्या. डॉक्टर म्हणले, सहा महिन्यांनी काठी सुटंल."

"परीक्षा?"

"बुडाली. आता मार्चमधी देणार."

"दे, दे." आरजू थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग अंगणात ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "एक काम करशील माझं? ह्या खिडकीपासनं त्या दारापर्यंत चालून दाखव."

शिवलीला गोंधळली. पण तिनं काठी टेकली आणि निघाली. खोली लहान होती. आठ-नऊ पावलांत ती दाराशी पोचली आणि वळून उभी राहिली.

आतला काठीचा आवाज ऐकून अंगणात पाशामियाँ बोलता बोलता थांबले होते. शिवप्पानं काही तरी विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही.

आरजूच्या हातातली साडी मांडीवरून घसरून खाली गेली होती. तिची नजर पोरीच्या पायांवरून हलली नव्हती.

"अजून एकदा," ती म्हणाली. "सावकाश."